रक्तातल्या प्रथिनांवरून मधुमेहाचा अंदाज: चाचणी करावी का, आणि आकडा कसा वाचावा

प्रश्न असा आहे: पुरुष, वय ३८, पुण्यात बैठं काम, व्यायाम जवळजवळ नाही, वडिलांना मधुमेह. पोटाचा घेर ९४ सेंटिमीटर, उपाशीपोटी साखर १०४, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ५.८. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘रक्तातल्या प्रथिनांवरून पुढच्या दहा वर्षांतली मधुमेहाची जोखीम’ सांगणारी चाचणी देऊ केली आहे. ती करावी का? आणि केली तर तिच्या आकड्यावर किती विसंबावं?

आधी थेट उत्तर. तुमच्या बाबतीत या चाचणीने उपचाराचा निर्णय बदलणार नाही, कारण जोखीम जास्त आहे हे रक्ताचा थेंबही न घेता कळतं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये भारतीयांसाठी एक साधी गुणपद्धत प्रसिद्ध केली, ‘इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर’. तिच्यात वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, पुरुषाच्या पोटाचा घेर ९० ते ९९ असेल तर १०, बैठं काम आणि व्यायाम नाही याचे ३०, आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०. तुमची बेरीज ७०. साठ किंवा त्याहून जास्त म्हणजे जोखीम जास्त. त्यात साखर १००च्या वर आणि एचबीए१सी ५.७च्या वर, म्हणजे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार तुम्ही मधुमेहपूर्व अवस्थेत आहातच. प्रथिनांचं पॅनेल, म्हणजे एकत्र मोजलेल्या प्रथिनांचा संच, याहून वेगळं फारसं काही सांगणार नाही.

तरीही या विषयात खरं बळ आहे, म्हणून ते कुठे आहे आणि कुठे नाही हे नीट मांडतो.

मधुमेह प्रकार २ रक्तात साखर वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो. पोटात आणि यकृतात चरबी साठते, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं. या काळात साखर नॉर्मल दिसते, पण यकृत आणि चरबीच्या पेशी रक्तात जी प्रथिनं सोडतात त्यांचं प्रमाण बदललेलं असतं. चरबीच्या पेशींकडून येणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होतं. यकृतात तयार होणारी दोन प्रथिनं, सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन आणि आयजीएफबीपी-१, खाली जातात, कारण जास्तीचं इन्सुलिन आणि यकृतातली चरबी त्यांचं उत्पादन दाबते. दाह दाखवणारं सीआरपी, लोह साठवणारं फेरिटिन आणि यकृताचं एएलटी हे एन्झाइम वर सरकतं. एकेका प्रथिनातला फरक लहान असतो, पण पन्नास-शंभर प्रथिनं एकत्र वाचली की चित्र तयार होतं.

एकत्र वाचणं गेल्या काही वर्षांत शक्य झालं ते दोन तंत्रांमुळे. एकात प्रत्येक प्रथिनासाठी दोन प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनाला पकडणारे रेणू) वापरतात आणि प्रत्येकाला डीएनएची छोटी शेपटी जोडलेली असते. दोन्ही प्रतिपिंडं त्याच एका रेणूवर शेजारी शेजारी बसली तरच शेपट्या एकमेकींना भिडतात, एन्झाइम त्यांचा सलग धागा करतं आणि तो धागा मोजला जातो. एकच प्रतिपिंड चुकून दुसऱ्या कशाला चिकटलं, तर धागा तयार होत नाही. स्वीडनमधल्या उप्सालाच्या ओलिंक कंपनीचं हे तंत्र. दुसऱ्यात, सोमास्कॅनमध्ये, प्रतिपिंडाऐवजी ठरावीक घडी घेतलेला डीएनएचा तुकडा प्रथिनाला पकडतो. दोन्हींना लागणारं रक्तद्रव अगदी थोडं, पण एका वेळी हजारो प्रथिनं मोजली जातात. हे कठीण का आहे ते पाहा: रक्तात अल्ब्युमिन दर मिलिलिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम असतं, तर दाहाचा निरोप पोचवणारं इंटरल्युकिन-६ काही पिकोग्रॅम. म्हणजे दोघांत सुमारे एकावर दहा शून्यं इतकं अंतर.

ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-संशोधनाच्या मोठ्या प्रकल्पात ५४,२१९ लोकांच्या रक्तात २,९२३ प्रथिनं मोजल्याचा प्रकल्प २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये त्याच बायोबँकेवरच्या दुसऱ्या कामात प्रथिनांवरून काढलेल्या गुणाने पुढे होणाऱ्या मधुमेह प्रकार २चा अंदाज एचबीए१सीपेक्षा चांगला दिला. पॅकेजची जाहिरात करणारे हेच वाक्य उचलतात. वाक्य बरोबर आहे, पण तुलना कशाशी आहे ते बघायला हवं. प्रत्यक्षात कोणताही डॉक्टर नुसत्या एचबीए१सीवरून जोखीम ठरवत नाही. वय, घेर, आई-वडील, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, उपाशीपोटीची साखर असं सगळं एकत्र धरलं, तर साधं मॉडेलही चांगलं चालतं. मग प्रथिनं घातल्यावर होणारी वाढ बहुतेक वेळा थोडीच उरते.

जिथे वाढ खरी उपयोगी दिसली ते उदाहरण इंग्लंडच्या केंब्रिजशरमधलं आहे. तिथल्या फेनलंड अभ्यासात ११,५४६ लोकांच्या उपाशीपोटी घेतलेल्या एकाच नमुन्यात प्रथिनं मोजली आणि सर्वांची ग्लुकोज टॉलरन्स टेस्टही केली. २०२२ मध्ये त्यांनी दाखवलं की आरटीएन४आर, सीबीपीएम आणि जीएचआर ही तीनच प्रथिनं नेहमीच्या माहितीत घातली, तरी एक विशिष्ट गट जास्त चांगला ओळखता येतो. हा गट म्हणजे ज्यांची उपाशी साखर आणि एचबीए१सी दोन्ही नॉर्मल, पण ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १४० ते १९९ मध्ये जाते ते लोक. ही माणसं नेहमीच्या तपासणीत निसटतात. माझ्या मते प्रथिनांच्या चाचणीचं भविष्य इथे आहे: कोणाला टॉलरन्स टेस्टला पाठवावं हे ठरवण्यासाठी, ‘तुम्हाला मधुमेह होणार’ असं सांगण्यासाठी नाही.

व्यापारी चाचणीचा अनुभवही आहे. डेन्मार्कच्या इंटर९९ अभ्यासावर आधारलेला गुण २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अ‍ॅडिपोनेक्टिन, सीआरपी, फेरिटिन, इंटरल्युकिन-२ रिसेप्टर, इन्सुलिन आणि ग्लुकोज असे सहा घटक होते. आजची बरीच लहान पॅनेलं याच धर्तीची आहेत. यातले बहुतेक घटक मोठ्या लॅबमध्ये सुटे करून मिळतात, त्यामुळे ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणून विकलेलं पॅनेल उघडून आत काय आहे ते आधी विचारा.

आता आकडा वाचण्याबद्दल. समजा अहवालात ‘जोखीम जास्त’ आलं. हजार माणसं घ्या, त्यातल्या शंभरांना दहा वर्षांत मधुमेह होणार आहे असं धरा. चाचणीची पकड ८० टक्के आणि निर्दोषांना सोडण्याची क्षमताही ८० टक्के माना. शंभरांपैकी ८० पकडले जातील. उरलेल्या नऊशेंपैकी १८० जणांना चुकून ‘जास्त’ असा शिक्का बसेल. एकूण शिक्का २६० जणांना, खरे ८०. म्हणजे ‘जास्त’ लिहून आलेल्या दहांपैकी सातांना दहा वर्षांत मधुमेह होणार नाही. उलट ‘कमी’ आलेल्या ७४० मध्ये फक्त २० जणांचा अंदाज चुकेल. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण गणित असंच चालतं. आणि तुमच्यासारख्या, आधीच मधुमेहपूर्व अवस्थेतल्या माणसांत होणाऱ्यांचं प्रमाण मुळात जास्त असल्याने ‘कमी’ हा निकालही तितका भरवशाचा राहत नाही. ‘पॅनेल कमी आलं, आता टेन्शन नाही’ हा सर्वांत घातक गैरसमज इथेच होतो.

दुसरा प्रश्न, हे मॉडेल कोणावर शिकवलं? यूके बायोबँकमध्ये २००६ ते २०१० दरम्यान ४० ते ६९ वयाचे सुमारे पाच लाख लोक नोंदले गेले आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त गोरे आहेत. आपलं शरीर वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये दोघांचा एक फोटो प्रसिद्ध केला होता. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी, यालाच ते ‘थिन-फॅट’ म्हणतात. पुण्यात जन्मलेल्या बाळांचं वजन लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा कमी, तरी त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त, हेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं. अ‍ॅडिपोनेक्टिन आपल्याकडे त्याच बीएमआयला मुळातच कमी असतं. मग ब्रिटिश सरासरीवर बेतलेला गुण पुण्यातल्या माणसाला लावला, तर क्रमवारी कदाचित बरोबर येईल (अमक्याची जोखीम तमक्यापेक्षा जास्त), पण ‘दहा वर्षांत १८ टक्के’ हा नेमका आकडा घसरतो. कंपनीने भारतीय लोकांवर वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तो आकडा तपासला आहे का, हे विचाराच. आजच्या साखरेशी पॅनेल जुळतं एवढं दाखवणं पुरेसं नाही. ज्यांना तेव्हा मधुमेह नव्हता त्यांच्यात पुढे कोणाला झाला, हे दाखवायला हवं.

जनुकीय फरकाचीही अडचण आहे. एखाद्याच्या प्रथिनाच्या घडणीत छोटा बदल असेल, तर प्रतिपिंड किंवा डीएनएचा तुकडा त्याला नीट पकडत नाही आणि प्रथिन भरपूर असूनही वाचन कमी येतं. म्हणूनच अनेक प्रथिनांची दोन तंत्रांतली मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत. एका लॅबचा निकाल दुसऱ्या तंत्राच्या निकालाशी लावून ‘सहा महिन्यांत सुधारणा’ असा निष्कर्ष कोणी काढत असेल, तर तो मानू नका. ओलिंकची वाचनं तर सापेक्ष असतात: एक एककाचा फरक म्हणजे दुप्पट, पण कशाच्या दुप्पट, तर त्याच बॅचमधल्या इतर नमुन्यांच्या तुलनेत. मिलिग्रॅममध्ये त्याचा अर्थ लावता येत नाही.

बहुतेक चुका मशीनच्या आधी होतात, म्हणून नमुन्याबद्दल थोडं सविस्तर. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतलं जातं. घरून गोळा केलेली नळी दुपारपर्यंत बॅगेत फिरत राहिली, तर प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी आतली प्रथिनं सोडू लागतात, आणि ती ‘दाह’ म्हणून वाचली जातात. नळी लवकर सेंट्रिफ्यूज होऊन वरचा पिवळसर भाग वेगळा व्हायला हवा, साठवायचा असेल तर उणे ८० अंशांवर, आणि वारंवार वितळवून पुन्हा गोठवायचा नाही. तो भाग गुलाबी दिसला, म्हणजे लाल पेशी फुटल्या आहेत. अशा नमुन्यातलं इन्सुलिन खोटं कमी येतं, कारण लाल पेशींतलं एन्झाइम ते तोडून टाकतं. असा नमुना नाकारला पाहिजे.

उपाशी राहण्याचं महत्त्व प्रथिनाप्रमाणे बदलतं. अ‍ॅडिपोनेक्टिन जेवणाने फारसं हलत नाही. आयजीएफबीपी-१ मात्र जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की झपाट्याने खाली येतं, त्यामुळे साखर घातलेला चहा पिऊन दिलेला नमुना तुमची जोखीम फुगवून दाखवेल. सीआरपी सर्दी, हिरड्यांची सूज, दाढदुखी, लस, कशानेही वाढतं. ते लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर दोनेक आठवड्यांनी पुन्हा करा, तोवर पॅनेलचा गुण धरू नका. फेरिटिन दाहाने वाढतं आणि लोहाच्या कमतरतेत घटतं. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे, की त्यांचं कमी फेरिटिन ‘जोखीम कमी’ म्हणून वाचलं जाण्याची भीती आहे. सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण आणि थायरॉइड वाढल्याने वर जातं, पीसीओएस या बायकांमधल्या हॉर्मोनच्या विकारात खाली येतं. मधुमेहाचं औषध पायोग्लिटाझोन अ‍ॅडिपोनेक्टिन वाढवतं, कोलेस्टेरॉलचं औषध स्टॅटिन सीआरपी कमी करतं. मूत्रपिंडाचं काम कमी असेल, तर बरीच लहान प्रथिनं रक्तात साचतात. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील, तर अनेक यंत्रांवर इन्सुलिन आणि त्याच्यासोबत तयार होणारं सी-पेप्टाइड खोटं कमी येतं. त्या किमान दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा.

एचबीए१सी हेही प्रथिनच, साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन. ५.८ वर शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन पाहा. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं वाढतं. लाल पेशी लवकर मरत असतील, तर खोटं कमी येतं. विदर्भ, नंदुरबार अशा भागांत सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि तशाच थॅलेसेमियाचा वाहक कोणीही असू शकतो. अशा माणसांत एचबीए१सीवर उभारलेलं कोणतंही गणित डळमळीत असतं. तिथे ग्लुकोजच मोजावं.

मग तुम्ही काय करावं? त्याच पैशात ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट नीट करून घ्या. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, भात-पोळी बंद करू नका (दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं). रात्री ८ ते १४ तास उपाशी. सकाळी एक नमुना, मग ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत प्यायचं. पाकिटावर डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट लिहिलं असेल, तर ८२.५ ग्रॅम घ्यायचं. पहिल्या घोटापासून १२० मिनिटांनी दुसरा नमुना, मधे बसून राहायचं, सिगारेट नाही, फिरायला जाणं नाही. नमुना राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीत. साध्या नळीत पेशी दर तासाला पाच ते सात टक्के साखर खाऊन टाकतात, आणि फ्लोराइडचा परिणामही पूर्ण व्हायला एक-दोन तास लागतात. म्हणून रक्त लवकर वेगळं करणारी लॅब निवडा. पोहे किंवा इडली खाऊन दोन तासांनी केलेली ‘पीपी’ ही ही चाचणी नव्हे, तिच्यावरून मधुमेहपूर्व अवस्था नाकारता येत नाही.

सोबत एएलटी, ट्रायग्लिसराइड आणि हवं तर उपाशीपोटीचं इन्सुलिन करा. साखर आणि इन्सुलिनचा गुणाकार भागिले ४०५ हे होमा, म्हणजे इन्सुलिनला शरीर किती दाद देत नाही याचा अंदाज. तुमची साखर १०४ आणि इन्सुलिन १६ असेल तर ४.१ येईल, म्हणजे इन्सुलिनला प्रतिसाद कमी. पण इन्सुलिनचं मोजमाप लॅबगणिक बदलतं, त्यामुळे होमाची तुलना त्याच लॅबमध्ये स्वतःशीच करा. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पँटच्या पट्ट्याचा आकार हा घेर नव्हे, तो बहुतेक वेळा पाच-सात सेंटिमीटरने कमीच असतो.

प्रथिनांकडे बघताना आणखी एक गोष्ट सोडू नका: ती बहुतेक वेळा धूर असतात, आग नव्हे. अ‍ॅडिपोनेक्टिन कमी असणाऱ्यांना मधुमेह जास्त होतो हे पक्कं. पण जन्मतः जनुकांमुळे ते कमी असणाऱ्यांमध्ये जोखीम तशी वाढत नाही, असं जनुकांवर आधारलेल्या अभ्यासांत दिसलं. कॅनाकिनुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या कँटोस चाचणीत १०,०६१ रुग्णांत सीआरपी चांगलंच खाली आलं, पण नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण घटलं नाही. म्हणून ‘अ‍ॅडिपोनेक्टिन वाढवणारी’ किंवा ‘सीआरपी कमी करणारी’ पूड पॅनेलसोबत विकत देऊ केली, तर घेऊ नका.

उपाय ठरलेले आहेत आणि ते भारतीयांवर तपासलेले आहेत. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाच्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये (२००६) ५३१ जण होते. काहीच न केलेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाने जोखीम २८.५ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी घटली. दोन्ही एकत्र दिल्यावर जास्तीचा फायदा झाला नाही. फायदा वजन फारसं न घटताही मिळाला, हे थिन-फॅट माणसांनी विशेष ध्यानात घ्यावं. तुमच्यासाठी रोज किमान अर्धा तास दम लागेल असं चालणं, आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम, आणि ताटात भात-पोळी कमी करून डाळ, उसळ, भाजी वाढवणं. टॉलरन्स टेस्टमध्ये दोन तासांची साखर १४०च्या वर आली, तर मेटफॉर्मिनबद्दल डॉक्टरांशी बोला.

रक्तातल्या प्रथिनांवरून मधुमेहाचा अंदाज जिथे खरोखर पक्का आहे तो प्रकार १ (यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते), आणि गंमत म्हणजे त्या चाचणीची जाहिरात फारशी दिसत नाही. तिथे मोजायची प्रथिनं म्हणजे स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडं: जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर-८ आणि इन्सुलिनविरोधी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन किंवा जास्त प्रतिपिंडं आढळलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच प्रतिपिंड असेल तर सुमारे १५ टक्के. आणि इथे निकालाने उपचार बदलतो. दोन प्रतिपिंडं आणि साखर बिघडू लागलेली, अशा अवस्थेत टेप्लिझुमॅब हे औषध १४ दिवस शिरेतून देतात. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ वर्षांवरील रुग्णांसाठी ते मंजूर झालं, आणि मूळ चाचणीत त्याने रोग सुमारे दोन वर्षं लांबवला. औषध हाताशी नसलं, तरी जोखीम आधी माहीत असलेलं मूल तहान-लघवी वाढताच तपासलं जातं आणि कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होण्याच्या अवस्थेत) अतिदक्षता विभागात पोचण्याची वेळ येत नाही. तुमच्या घरात भावंड किंवा मूल प्रकार १चं असेल, तर पॅनेलचे पैसे या प्रतिपिंडांवर खर्च करा.

तरीही प्रथिनांची चाचणी करायचीच असेल, तर लॅबला हे लेखी विचारा: कोणती प्रथिनं, मोजमाप सापेक्ष की प्रत्यक्ष, जोखीम किती वर्षांसाठी, आकडा टक्क्यात की इतरांच्या तुलनेतला क्रमांक, आणि मॉडेल भारतीयांवर पाठपुरावा करून तपासलं आहे का. एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या भारतीय संस्थेचं) प्रमाणपत्र दाखवलं, तर त्याच्या सोबतची यादी बघा. मान्यता चाचणीगणिक असते, लॅबला साखरेसाठी मिळालेली मान्यता प्रथिनांच्या पॅनेलला लागू होत नाही. उत्तरं मिळाली नाहीत, तर सोडून द्या. आणि निकाल काहीही येवो, उपाशी साखर आणि एचबीए१सी वर्षातून एकदा पुन्हा करायचंच, घेर तीन महिन्यांनी.